बहिष्कृतांचा शिक्षक कसा घडला? : येवल्याच्या निमित्ताने

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला मुंबई इलाखा दलित वर्ग परिषद भरली. दहा हजारांच्या आसपास माणसे जमली होती. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून चाललेल्या सत्याग्रहाची पाच वर्षे त्यांच्या पाठीशी होती. डोकी फुटली होती, मंदिराचे दार मात्र उघडले नव्हते. त्या सभेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि या देशाच्या धर्मेतिहासात येवल्याचे नाव कायमचे कोरले गेले.

या घोषणेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. परंतु एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ही घोषणा करणारा माणूस त्या दिवशी एका महाविद्यालयाचा प्राचार्य होता. १ जून १९३५ पासून बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळत होते. म्हणजे ज्या समाजाला देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, त्या समाजाचा एक माणूस सवर्णांच्या मुलांना कायदा शिकवीत होता आणि शिकविणाऱ्यांवर देखरेखही करीत होता. हे कसे घडले? आणि एकाच्या बाबतीत घडले ते हजारोंच्या बाबतीत घडावे म्हणून काय करावे लागले? महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे शिक्षकी पेशाचा प्रश्न आज नव्याने उभा आहे. अशा वेळी हा इतिहास नीट तपासला पाहिजे.

१

येवला हे विणकरांचे गाव. पैठणी विणायला कोणी पुस्तकातून शिकत नाही. मूल मागाजवळ बसते, कांड्या भरून देते, तुटलेला धागा सांधते, जाणत्याचा हात कसा चालतो ते पाहते. पुढे एके दिवशी ते स्वतः मागावर बसते. चूक झाली तर शेजारचा जाणता ती दाखवितो आणि वीण उसवून पुन्हा करायला लावतो. शिकण्याच्या काळात त्याची भाकरी घर पुरविते आणि शिकून झाल्यावर हाताला काम मिळते. जाणता शेजारी, शिकण्याच्या काळातील भाकरी आणि शेवटी कामाची जागा, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे कारागीर तयार होतो. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात.

शिक्षकाचा पेशाही असाच आहे. शिकवायचे कसे, हे शिकविणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी वर्गात पाय कापतात, फळ्यावरचे अक्षर वाकडे येते, प्रश्न विचारणाऱ्या पोराची भीती वाटते. त्या वेळी मागे कोणी तरी जाणते माणूस उभे असावे लागते. ब्राह्मण घरातील मुलाला ही उमेदवारी जन्मतःच मिळत असे. वडील पंतोजी, काका शाळेत, मामा शिक्षणखात्यात. त्याला कोणी फेलोशिप दिली नव्हती. जातिव्यवस्था हीच त्याची फेलोशिप होती. आपल्या घरात मात्र शेजारी बसवून घेणारा कोणीच नव्हता. शेजारी बसणे हाच मुळी आपला गुन्हा ठरविला गेला होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. जो विद्यार्थी म्हणून वर्गात बसू शकत नाही, तो शिक्षक म्हणून वर्गापुढे कधी उभा राहणार?

२

ही कोंडी प्रथम फोडली ती जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी. सावित्रीबाईंना पहिल्या शिक्षिका म्हणून आपण वंदन करतो. पण त्या शिक्षिका कशा झाल्या, याची चर्चा कमी होते. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. पुढच्या अभ्यासाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या मित्रांनी घेतली. त्यानंतर अहमदनगरला मिस फरार यांच्या आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. क्रांती ही एकाएकी आकाशातून पडत नाही. तिच्यामागे धडे गिरविणे असते, कोणी तरी चुका दाखविणे असते.

सावित्रीबाईंनीही हे आपल्यापुरते ठेवले नाही. १८५६ साली आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी गेल्या होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे. आपल्या गैरहजेरीत सारा भार तिच्यावर पडला असेल, हा विचार त्यांना आजारातही सोडीत नव्हता. एक शिक्षिका दुसरीच्या खांद्यावरचे ओझे ओळखते, असे हे नाते होते. फुल्यांच्या शाळांतील शिक्षकांत गणू शिवजी मांग आणि धुराजी आप्पाजी चांभार ही नावे आढळतात. चौदा वर्षांच्या मुक्ताने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकविणारा आपला असला, निदान आपल्याला माणूस मानणारा असला, म्हणजे शिकणाऱ्याच्या जिभेवरची गाठ सुटते, याचा हा आपल्या इतिहासातील पहिला लेखी पुरावा आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शिक्षकाच्या प्रश्नावर नेमके बोट ठेवले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचा पगार तुटपुंजा आहे, असे त्यांनी नोंदविले. शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळणारे असावेत, वेळ आली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणारे नसावेत, आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. महारमांगांच्या मुलांना प्रत्यक्षात शाळेबाहेरच ठेवले जाते, हेही त्यांनी सरकारला सांगितले. या मागणीचा अर्थ नीट लक्षात घ्या. जोतीराव केवळ शाळा मागत नव्हते. शिक्षक कोणत्या समाजातून यावा, त्याची तयारी कशी व्हावी आणि त्याने जगावे कशावर, हे तीनही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. तेव्हापासून आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी हे तीन प्रश्न सुटे केले, त्यांच्या योजना फसल्या.

बडोद्याचे उदाहरण पाहा. सयाजीराव गायकवाडांसारख्या उदार राजाने अंत्यजांसाठी शाळा काढल्या. पैसा होता, हुकूम होता, इमारत होती. पण हिंदू शिक्षक त्या शाळांत जायला तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावून घ्यावे लागले. राजाचा हुकूम शाळा उघडू शकतो. शिक्षकाच्या मनातील विटाळ तो काढू शकत नाही.

३

अस्पृश्यांतून शिक्षक तयार करण्याचे आणखी एक ठिकाण इतिहासात होते. ते ठिकाण म्हणजे इंग्रजांची पलटण. पलटणीतील शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. त्यासाठी शिक्षक लागत आणि ते तयार करण्यासाठी पुण्याला लष्कराचे नॉर्मल स्कूल होते. रामजी सकपाळ तेथे शिकले आणि पुढे सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिले. भीमरावांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला तो एका शिक्षकाच्या घरात, ही गोष्ट आपण विसरू नये. ज्या घरात पहाटे उठवून अभ्यास घेणारा बाप होता, त्या घरात मागाशेजारची जागा रिकामी नव्हती.

इंग्रजांना आपल्याविषयी कळवळा होता म्हणून हे घडले, असे समजण्याचे कारण नाही. त्यांना हिशेब ठेवणारे, हुकूम वाचणारे शिपाई हवे होते. गरज संपली, लढाऊ जातींचे नवे शास्त्र निघाले आणि १८९० नंतर महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. भरतीबंदीने भाकरी गेली, हे आपण नेहमी सांगतो. पण तिच्याबरोबर शिक्षक घडविणारी शाळाही गेली. एक पिढी शिकली आणि पुढच्या पिढीसाठी दार बंद झाले. दुसऱ्याच्या सोयीसाठी उघडलेले दार दुसऱ्याच्या सोयीनेच बंद होते, हा त्यातला धडा आहे.

बाबासाहेबांना घराबाहेर जो जाणता मिळाला तो कृष्णराव अर्जुन केळुसकर. गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचायला येत. एक मुलगा तेथे एकटाच पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर १९०७ मध्ये स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे सयाजीरावांकडे नेऊन दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तक देणारा आणि भाकरीची सोय लावणारा माणूस एकच होता, हे येथे महत्त्वाचे आहे. नुसत्या पुस्तकाने भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात टिकले नसते आणि नुसत्या २५ रुपयांनी त्यांना बुद्ध भेटला नसता.

शिक्षक म्हणून बाबासाहेब उभे राहिले ते नोव्हेंबर १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही येऊन बसत. त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थी शेजारी यायला धडपडत होते आणि सहकारी त्यांना पाण्याशेजारी येऊ देत नव्हते. दलित शिक्षकाच्या वाट्याला येणारा हा दुहेरी अनुभव १९१८ सालीच नोंदविला गेला आहे. तो पूर्णपणे संपला, असे आजही छातीवर हात ठेवून कोणाला म्हणता येणार नाही.

४

येवल्याच्या घोषणेने जुन्या धर्माकडे पाठ फिरविली. पण पाठ फिरविल्यावर तोंड कोणीकडे? जुन्या गुरूंची सत्ता नाकारल्यावर नवा गुरू कोठून आणायचा? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी भाषणाने दिले नाही, संस्थेने दिले.

योगायोगाची गोष्ट अशी की १९३५ सालीच सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने तोवर वसतिगृहांतून सर्व जातींची मुले एकत्र जेवायला बसविली होती. आता त्यांतून शिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले. या कॉलेजातून तयार झालेले शिक्षक जेथे शाळाच नव्हती अशा गावांत रयतच्या व्हॉलंटरी शाळांवर गेले. या शाळांची संख्या पुढे ५७८ झाली. वसतिगृहात भाकरी, ट्रेनिंग कॉलेजात जाणता आणि व्हॉलंटरी शाळेत जागा, अशी ही साखळी होती. म्हणूनच ती दोनचार वर्षांत तुटली नाही.

बाबासाहेबांची साखळी याहून मोठी होती. १९२८ साली त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापून वसतिगृहे चालविण्याची जबाबदारी घेतली. १९४४ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय निघाले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि स्वतःचे महाविद्यालय. शिष्यवृत्तीने भाकरी दिली, महाविद्यालयाने जाणते दिले आणि त्याच महाविद्यालयाने शिकवून तयार झालेल्यांना प्राध्यापकाच्या जागाही दिल्या. मराठवाड्यातील ज्या गावांत आपल्या माणसाला चावडीवर चढता येत नव्हते, त्या गावांतून आलेली पोरे नागसेनवनात शिकली आणि मास्तर होऊन परत त्याच मुलखात गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले, ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर उभे केले. म. ना. वानखडे येथे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे येथे शिकवीत होते. दलित साहित्याच्या चळवळीला मिलिंदचा वर्ग आणि मिलिंदचे वसतिगृह वजा करून समजून घेता येणार नाही.

मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी सहज निवडलेले नव्हते. ज्ञानाच्या वादात आपण हरलो हे मान्य करण्याइतका प्रामाणिक राजा म्हणून त्यांना मिलिंद महत्त्वाचा वाटला. पण ज्याने त्याला हरविले तो नागसेन कसा तयार झाला? ‘मिलिंदपञ्ह’ सांगतो की नागसेन आधी रोहणाजवळ शिकला, मग अश्वगुप्ताकडे राहिला, मग पाटलिपुत्राला धर्मरक्षिताकडे गेला. तीन जाणत्यांच्या हाताखालून गेल्यावर तो राजासमोर बसला. विनयपिटकात तर या उमेदवारीचे नियमच आहेत. नव्या भिक्षूने किमान पाच वर्षे उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहावे. उपाध्यायाने त्याला पुत्रासमान मानावे, त्याच्यापाशी पात्र नसेल तर पात्र द्यावे, चीवर नसेल तर चीवर द्यावे, तो आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी. आणि या संघात न्हावी उपाली विनयाचा अधिकारी शिक्षक झाला. एकलव्याचा अंगठा मागणारी गुरुपरंपरा आणि शिष्याला पात्र पुरविणारी गुरुपरंपरा, या दोन्ही याच भूमीत होत्या. येवल्याला पहिली नाकारली गेली आणि १९५६ मध्ये नागपूरला दुसरी स्वीकारली गेली. धर्मांतराचा शिक्षणशास्त्रीय अर्थ हा आहे.

५

आता आजच्या काळाकडे येऊ. महाराष्ट्र सरकारने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे सेवक म्हणून काम करावे, प्राथमिक शाळेत त्याला दरमहा ३,००० रुपये मिळावेत, अशी ती योजना होती. बाहेरून ती उमेदवारीसारखी दिसते. परंतु त्या तीन वर्षांत त्याच्या शेजारी कोण बसणार, त्याचा पाठ कोण पाहणार, त्याला कोण शिकविणार? याचे उत्तर योजनेत नव्हते. पूर्ण वर्ग त्याच्या अंगावर आणि अर्धपोटी मानधन त्याच्या हाती. ‘वेतन’ जाऊन ‘मानधन’ आले. आणि ज्या शब्दात मान असतो त्यात धन नसते, हे आपल्याला बलुत्याच्या काळापासून ठाऊक आहे. २०२३ मध्ये ही रक्कम १६,००० रुपये झाली, तीही दीर्घ ओरड झाल्यानंतर. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची कथा वेगळी नाही. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला तरुण तासावर मोजला जातो.

दुसरीकडे फेलोशिपची कल्पना आली. अमेरिकेत १९९० साली सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर ‘टीच फॉर इंडिया’चे फेलो २००९ पासून मुंबई-पुण्याच्या शाळांत शिकवू लागले. दोन वर्षे पूर्ण वेळ, विद्यावेतनासह आणि मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली. त्यांतील अनेकांची तळमळ खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. मार्गदर्शक आहे, भाकरी आहे. म्हणजे तीनांपैकी दोन गोष्टी त्यात आहेत. पण दोन वर्षांनंतर फेलोने शिक्षकच राहावे अशी अपेक्षा त्यात नाही. ज्याच्या घरी परत जायला जागा आहे त्याला दोन वर्षांचा अनुभव परवडतो. नांदगाव, मनमाड, येवला या टापूतील कॉलेजात शिकणारी, घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलगी दोन वर्षांनंतर काय करणार? तिला अनुभव नको आहे, तिला पेशा हवा आहे.

येथे कोणी विचारील की आज शिक्षक होण्याला अर्थ तरी काय उरला? पात्रता परीक्षा आहेत, रखडलेल्या भरत्या आहेत, खाजगी संस्थांत नेमणुकीसाठी मोजाव्या लागणाऱ्या रकमांच्या कहाण्या आहेत. हुशार मुलाने स्पर्धा परीक्षा द्यावी, कलेक्टर व्हावे, असा सल्ला आपल्याच घरात दिला जातो. कलेक्टर व्हावेच. पण एक कलेक्टर तालुक्यातून एकदा जातो. शिक्षक तीस वर्षे तेथे राहतो. जोतीरावांनी सरकारी नोकरी धरली नाही, शाळा काढली. बाबासाहेबांनी कोर्टात वकिली केली, कायदेमंडळ गाजविले, पण हाती पैसा येताच महाविद्यालये उभारली. ज्या समाजाचे शिक्षक संपतात त्याचे कलेक्टरही पुढच्या पिढीत संपतात.

म्हणून फेलोशिपच्या, इंटर्नशिपच्या, प्रशिक्षणाच्या ज्या योजना आज आपल्या कॉलेजांत येत आहेत, त्यांच्याकडे पाहताना आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आमच्या विद्यार्थ्याच्या शेजारी कोण बसणार आहे? शिकण्याच्या काळात त्याची चूल कशावर पेटणार आहे? आणि शिकून झाल्यावर कायम जागा कोठे आहे? पहिल्याचे उत्तर नसेल तर ती वेठ आहे. दुसऱ्याचे नसेल तर ती सुखवस्तूंची हौस आहे. तिसऱ्याचे नसेल तर ती फसवणूक आहे. संशोधनासाठी आपली मुले अधिछात्रवृत्ती मागतात, त्यासाठी रस्त्यावर बसतात, आणि ते योग्यच आहे. तशीच मागणी अध्यापनाच्या उमेदवारीसाठी व्हायला हवी. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून निवडलेल्या विद्यार्थ्याला अनुभवी शिक्षकाच्या वर्गात दोन वर्षे काम, पोटभर विद्यावेतन आणि रिक्त जागांवर त्या कामाचा हिशेब धरणारी नेमणूक, अशी ही मागणी आहे.

सरकार ती मान्य करीपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सिद्धार्थ आणि मिलिंदमधून बाहेर पडलेल्या पिढीच्या हाताखाली शिकलेले शिक्षक आज निवृत्त होत आहेत. निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिक्षकांची आपल्या समाजातील ही पहिलीच मोठी फळी आहे. केळुसकर गुरुजींपाशी संस्था नव्हती. एक बाग होती, काही पुस्तके होती आणि एका मुलाकडे पाहण्याची दृष्टी होती. दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर माणसे जमतात, अभिवादन करतात आणि घरी परततात. जमणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ असतात. त्यांतील प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील एक विद्यार्थी, शक्यतो एक विद्यार्थिनी, दोन वर्षांसाठी आपल्या हाताखाली घ्यावी. तिचा पाठ पाहावा, तिची चूक तिला दाखवावी, तिच्या परीक्षेची फी आणि एस.टी.चा पास यांची सोय लावावी. पुढच्या वर्षी येताना तिला बरोबर आणावे, आणि तिनेही कोणाला हाताखाली घेतले आहे हे तिच्याच तोंडून ऐकावे.